लक्ष्मीबाईंचे टिळक

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचे नाव ज्याच्या कानावर गेले नाही असा मराठी मंडळीचा सभासद विरळाच. 'उपासना संगीत' उघडावे आणि दोन-चार पाने उलटावीत, की त्यांची गीते भेटू लागतात. त्यांची जयंती-पुण्यतिथी आली म्हणजे कवी टिळक, संपादक टिळक, प्रभूचे सेवक टिळक यांविषयी आपण ऐकतो. आज मात्र वाचकांपुढे ठेवावयाचे आहेत ते घरातले टिळक, म्हणजे त्यांच्या पत्नीने पाहिलेले टिळक. व्यासपीठावरच्या माणसाची ओळख शेकडो लोकांना असते, पण चुलीजवळ बसून ज्याने त्याला ओळखले असे माणूस एकच असते.

टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईस प्रभूकडे गेले. पुढे त्यांचे चिरंजीव देवदत्त यांच्या मनात वडिलांचे चरित्र लिहिण्याचे आले, आणि त्यासाठी त्यांनी आईला तिच्या आठवणी लिहून काढण्यास सांगितले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या हाताखाली, तीही रडतखडत. त्यांनी आठवणी लिहावयास घेतल्या त्या दुसऱ्याच्या ग्रंथाला साहित्य म्हणून, आणि त्यातून मराठीतील एक थोर आत्मचरित्र तयार झाले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे पत्नीने पतीच्या आठवणी लिहिण्याची वाट ह्यापूर्वीच पडलेली होती. न्यायमूर्ती रानडे 1901 साली वारले आणि रमाबाई रानडे यांचे आठवणींचे पुस्तक 1910 साली निघाले. त्या पुस्तकातील पती पूज्य आहेत, गुरू आहेत; रमाबाई त्यांच्या पायाशी बसून लिहितात. लक्ष्मीबाईंचे तसे नाही. त्या पतीला सरळ आडनावाने टिळक म्हणतात, त्यांची फजिती सांगून हसतात, त्यांच्या रागाचे वर्णन करतात, आणि दोन पानांनंतर त्याच टिळकांसाठी त्यांचा जीव कसा तुटत असे तेही लिहितात. ज्या काळी नवऱ्याचे नाव घेणे म्हणजे उखाण्यापुरतीच गोष्ट, त्या काळच्या बाईचे हे लिहिणे आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने अतिशय कडक. आई जानकीबाई मृदू, भक्तिमान, कवितेची आवड असलेल्या. आई लहानपणीच गेली आणि मुलाचे घरातले मन उडाले. पुढे नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. शाळेचे शिक्षण अर्धवटच राहिले, पण पाठांतर, काव्य आणि वक्तृत्व ह्या तिन्ही गोष्टींत त्यांना तोड नव्हती.

लक्ष्मीबाई मूळच्या मनकर्णिका गोखले. नाशिकजवळच्या जलालपूर गावी 1868 साली त्यांचा जन्म झाला. माहेरी वडिलांना सोवळ्याओवळ्याचे जणू वेड लागले होते. बाहेरून घरात आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून शिवावयाची नाही, अशी त्या घराची रीत होती. ह्या घरातून अकरा-बारा वर्षांची मुलगी 1880 च्या सुमारास टिळकांच्या घरी आली. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा, नोकरीचा पत्ता नाही आणि पायाला भिंगरी.

भिंगरी हा शब्द उगाच वापरला नाही. टिळक घरातून निघून जात ते कोणाला न सांगता. कधी कीर्तन करीत, कधी शिक्षकी करीत, कधी छापखान्यात काम करीत गावोगाव फिरत. कोठे आहेत, परत केव्हा येणार, पत्नीला काहीच ठाऊक नसे. ती बिचारी कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीकडे. आले म्हणजे मात्र असे येत की घरभर आनंद. आजच्या वाचकाला ह्या वागण्याचा राग येईल, आणि तो यावा. लक्ष्मीबाईंनाही येत असे. त्यांनी तो लपविलेला नाही.

पैशाचे तर विचारूच नये. टिळकांच्या हाती रुपया आला की तो वाटेतच कोणाच्या तरी हाती जावयाचा. घरात सरपण-कोळसा नाही म्हणून पत्नीने होते नव्हते ते पैसे देऊन त्यांना बाजारात पाठवावे, आणि त्यांनी परत यावे ते एक सुंदर दौत घेऊन! दौत त्यांना आवडली, एवढेच कारण. चूल थंड आणि मेजावर नवी दौत, असा तो संसार होता. ही गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंच्या लेखणीत कडवटपणा नाही. ती सांगताना त्या वाचकाबरोबर हसतात, पण कोळसा कोठून आणला असेल हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच.

त्यांची पहिली मुले जगली नाहीत. बाळाच्या मृत्यूवर टिळकांनी 'बापाचे अश्रू' ही कविता लिहिली, ती पुढे फार गाजली. कवीला दुःख कवितेत ओतता येते. आईने ते कोठे ओतावे? देवदत्त 1891 साली जन्मले आणि ते मात्र वाचले. घरात त्यांना दत्तू म्हणत.

ह्या सुमारास टिळक नागपुरास होते. श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम पाहत. धर्मविचारासाठी त्यांनी 'ऋषी' नावाचे मासिकही चालविले. जातिभेद, मूर्तिपूजा यांविषयी त्यांच्या मनात वादळ चालू होते, आणि देशाला उभे करील असा धर्म कोणता ह्याचा ते शोध घेत होते. पुढे राजनांदगाव संस्थानात काम मिळाले म्हणून ते तिकडे निघाले. 1893 साली त्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी काव्यावर आणि धर्मावर बोलणे काढले, त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले. प्रत वाचावयास घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना.

राजनांदगाव म्हणजे छत्तीसगडी-हिंदी मुलूख. आमच्या माळव्यातल्या वाचकांना अशा ठिकाणचे मराठीपण वेगळे सांगावयास नको. उज्जैनीत मराठी घरे शिंदेशाहीपासून आहेत; जुन्या शहरापासून दूर नानाखेड्यासारख्या वस्तीतही ती भेटतात. परमुलखातला मराठी माणूस आपली भाषा आणि देवघर अधिकच घट्ट धरून ठेवतो. टिळकांची पत्नी तशीच होती. पती काय वाचतात ह्याची तिला चाहूल लागली होती, परंतु गोष्ट ह्या थराला जाईल असे तिच्या स्वप्नातही नव्हते.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी एतद्देशीय पाळक रेव्ह. तुकारामजी नथोजी यांच्या हातून घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई आपल्या माहेरच्या माणसांत होत्या. बातमी येऊन थडकली आणि घरात प्रेत पडावे तशी रडारड झाली. नवरा जिवंत, पण धर्माच्या आणि जातीच्या हिशेबी मेलेला. कुंकू लावावे की पुसावे? चार वर्षांच्या मुलाचे काय? नातलगांची तोंडे कशी चुकवावीत? आपल्या साक्षींच्या सभांतून आपण बाप्तिस्म्याचा आनंद ऐकतो. त्याच दिवसाची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवली आहे, आणि माझ्या मते ती आपल्या प्रत्येक मंडळीत एकदा मोठ्याने वाचली जावी. त्या अंथरुणाला खिळल्या. मनाचा तोल सुटतो की काय असे भोवतालच्यांना वाटू लागले. पुढे पंढरपुरास बहिणीच्या घरी त्या राहिल्या.

ह्या ठिकाणी टिळकांच्या हातून एक गोष्ट घडली नाही, ती मुद्दाम सांगितली पाहिजे. 1866 सालच्या कायद्याप्रमाणे, धर्मांतर केलेल्या माणसाशी त्याच्या जोडीदाराने त्या कारणावरून संसार करण्याचे नाकारले तर त्याला न्यायालयात जाऊन तो विवाह रद्द करून घेता येत असे व पुन्हा लग्न करता येत असे. टिळक तेहतीस वर्षांचे, कीर्तिमान, रूपवान. ह्या वाटेला ते गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. ते पत्रे पाठवीत राहिले. जो माणूस आठ दिवस एका ठिकाणी स्वस्थ बसत नसे, तो पत्नीसाठी चार-साडेचार वर्षे थांबला.

ते दिवस त्यांनी काढले अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे 1831 पासून चालू होते. टिळक तेथील ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवू लागले. नगर जिल्ह्यातील मंडळ्या मुख्यतः महार-मांग समाजांतून आलेल्या खेड्यापाड्यांतील लोकांच्या. हा कोकणस्थ ब्राह्मण पंडित त्यांच्यात जाऊन राहिला, जेवला, गायला. आणि भटक्या टिळकांची मुळे जी नगरच्या मातीत रुजली ती कायमची. त्यांच्या नावाशी आज आपण जे जोडतो, ती भजने, ती कीर्तने, ते लेख, त्यांतले बहुतेक ह्या गावी जन्मले.

शेवटी लक्ष्मीबाई पतीकडे आल्या. आल्या त्या आपला धर्म आणि सोवळे बरोबर घेऊनच. एकाच घरात पती ख्रिस्ती आणि पत्नीचा स्वयंपाक, पाणी वेगळे. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. उपदेशाचा मारा केला नाही, धाक घातला नाही. सभेत ज्यांच्या वाणीपुढे लोक डोलत, त्यांनी घरात गप्प राहावयाचे ठरविले होते. पुढे कुटुंब राहुरीस असताना लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआप विचार आला की ही जात देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे; आणि एकदा हे पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास मागेपुढे पाहिले नाही. मिठालासुद्धा पाणी दाखविणाऱ्या बापाची ही लेक! 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ती पतीच्या मागून गेली असे लोक म्हणतात. मला वाटते, ती स्वतःच्या पायांनी आली, म्हणून टिकली.

हा काळ छप्पनच्या दुष्काळाचा. 1899-1900 साली दख्खनमध्ये पाऊस बुडाला, गुरे मेली, माणसे रस्त्यावर आली. मिशनने ठिकठिकाणी अनाथ मुलांना आश्रय दिला. टिळकांना रस्त्यावर मूल दिसले की ते त्याला घरी घेऊन येत. घरात धान्य किती आहे हा विचार त्यांचा नव्हे. तो पत्नीचा. टिळकांचे औदार्य आपण सर्व जण वाखाणतो, पण त्या औदार्याची भाकरी थापणारे हात कोणाचे होते हेही पाहावे. लक्ष्मीबाईंनी ती मुले न्हाऊमाखू घातली, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना आपली म्हटले. पुढे पुढे हा उद्योग टिळकांपेक्षा त्यांचाच अधिक झाला.

1904 साली टिळकांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. नगरचे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. विद्यार्थी, खेड्यातले बंधू, कवी, वाटसरू, सर्वांना दार उघडे. 1907 साली जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले. टिळक त्याच्या मागे उभे असलेल्या मंडळींत होते. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या पोरसवदा कवीने आपली कविता म्हटली आणि सभेने त्याला बालकवी ही पदवी दिली. हा मुलगा पुढे टिळकांच्या घरी नगरास येऊन राहिला. तो हिंदू, घर ख्रिस्ती. पण लक्ष्मीबाईंना तो पोटच्या पोरासारखा होता. त्याचे रुसवे, त्याचा हट्ट, त्याचे खाणेपिणे ह्यांविषयी त्यांनी ज्या मायेने लिहिले आहे तशी बालकवींची ओळख दुसरीकडे क्वचितच मिळते. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले तेव्हा टिळकांच्या घरातला मुलगाच गेला.

ज्या घरात बालकवींना ताट मिळत होते, त्याच घरात टिळकांची भजने आकार घेत होती. त्यांच्या आधीही आपल्याकडे गीतकार होते. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी तर कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती मंडळीत आणली. तरी परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरे पुष्कळ गायिली जात, आणि खेड्यातल्या माणसाला त्या चाली गळ्यात बसत नसत. टिळकांनी ओवी, अभंग, पद ही घरची भांडी घेतली आणि त्यांत ख्रिस्ताचे प्रेम भरले. तुकोबांच्या अभंगांवरून चालत आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानीत, आणि ते सांगण्यास त्यांनी कधी संकोच केला नाही. जुने नाते तोडून नवे जोडावयाचे हा त्यांचा स्वभावच नव्हता. पत्नीच्या बाबतीत त्यांनी जे केले, तेच आपल्या भाषेच्या आणि लोकांच्या बाबतीत केले. 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते व ते शेवटपर्यंत राहिले.

संसार मात्र शांत झाला नव्हता. दोघेही तापट. भांडणे होत, अबोले होत, आणि अबोला मोडावयाचा कोणी ह्यावरून पुन्हा भांडण. टिळकांनी 'माझी भार्या' ही कविता लिहून पत्नीचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. लक्ष्मीबाईही कविता करू लागल्या होत्या. गुरू तेच, आणि शिष्येला रागावणारेही तेच.

1917 साली टिळकांनी पुन्हा एकदा सर्व सोडले. मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने राहावयाचे ठरविले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना पुढे मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ज्यांना ख्रिस्ताचे शिष्य व्हावयाचे आहे ते सर्व ह्या दरबारात बंधू म्हणून एकत्र यावेत, असा त्यांचा हेतू होता. मंडळीच्या भिंतींविषयी त्यात जे प्रश्न होते ते काहींना रुचले नाहीत. आजही त्यांवर एकमत नाही. ते साताऱ्यास जाऊन राहिले. कल्पना थोर होती, पण महिन्याचा पगार बंद झाला होता. संन्यास पतीने घेतला, तरी घरात दिवा लावण्याचे काम पत्नीलाच होते. वयाच्या पन्नाशीला आलेल्या लक्ष्मीबाईंनी पुन्हा बोचके बांधले आणि त्याही साताऱ्यास गेल्या. ह्या वेळी निदान न सांगता गेले नाहीत, एवढा फरक पडला होता.

साताऱ्यात टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांना मुंबईस आणले आणि जे. जे. इस्पितळात त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावन्न.

पती गेल्यावर लक्ष्मीबाई बसून राहिल्या नाहीत. काही काळ मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर त्यांनी काम केले, नंतर मुलाबरोबर कराचीस राहिल्या, आणि शेवटी नाशकास आल्या. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते. 'ख्रिस्तायन' हे त्याचे नाव. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. ज्या बाईला त्यांनी 'अ आ इ ई' शिकविली होती, तिने तो ग्रंथ हाती घेतला व चौसष्ट अध्याय लिहिले. ते लिहीत असतानाच दुसऱ्या वहीत नवऱ्याच्या आठवणीही उतरत होत्या.

पुढे 'स्मृतिचित्रे' इंग्रजीतही गेली. 1982 साली विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला आणि ज्यांनी पुस्तक हाती धरले नव्हते त्यांनाही हे जोडपे ठाऊक झाले. टिळकांचे चरित्र इतरांनी लिहिले आहे, तारखा आणि कार्य त्यांत व्यवस्थित आहे. पण टिळक चालत कसे, रागावत कसे, दौत हातात घेऊन दारात उभे कसे राहिले असतील, हे पाहावयाचे तर लक्ष्मीबाईंकडेच जावे लागते.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई वारल्या. आठवणींचा चौथा भाग त्यांच्या मागे छापून निघाला. 'ख्रिस्तायन' देवदत्तांनी अखेरचा अध्याय लिहून पुरे केले, आणि 1938 साली ते प्रसिद्ध झाले: आरंभ वडिलांचा, मधला सारा भार आईचा, शेवट मुलाचा.